बास अ‍ॅम्पसाठी कोणती ट्यूब घ्यावी: ६एल६, ईएल३४, ६५५० की केटी८८?

दारव्ह्याकडच्या एका बासवादक भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे शंभर वॅटचा सेकंडहँड ट्यूब हेड (स्पीकरपासून वेगळा अ‍ॅम्प) आहे. पॉवरला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या टप्प्याला, चार ६एल६जीसी, प्रीअ‍ॅम्पला तीन १२एएक्स७ आणि फेज इन्व्हर्टरला (सिग्नल दोन उलट भागांत वाटून पॉवर ट्यूबकडे देणाऱ्या टप्प्याला) एक १२एटी७. खाली आठ ओहमचं, चार दहा इंची स्पीकरचं बंद कॅबिनेट. भीमगीतांचे कार्यक्रम, लग्नातला ऑर्केस्ट्रा, नवरात्रातला मंडप, असं त्यांचं वाजवणं. तक्रारी दोन. आवाज वाढवला की खालच्या ई तारेवर फडफड होते, आणि कार्यक्रम रंगात आला की बास पातळ पडतो. पैसे एका सेटपुरतेच आहेत. कोणती ट्यूब टाकली म्हणजे सगळ्यात चांगला बास मिळेल, की जुन्या काळातल्या न वापरलेल्या अमेरिकन ट्यूब शोधाव्यात, असं ते विचारतात.

भाऊ, आधी निकाल सांगतो, मग कारणं. तुमच्या अ‍ॅम्पला चांगल्या, जुळवलेल्या चार ६एल६जीसीच ठेवा. बायस, म्हणजे आवाज नसताना ट्यूबनं किती करंट खेचायचा हे ठरवणारं उणे व्होल्टेज, नीट लावून घ्या. उरलेले पैसे फिल्टर कपॅसिटर (पॉवर सप्लायची लहर सपाट करणारे) आणि सर्व्हो स्टॅबिलायझरवर घाला. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही तक्रारी ट्यूबचा नंबर बदलून जाणाऱ्या नाहीत, आणि चुकीचा नंबर टाकला तर पॉवर ट्रान्सफॉर्मर गमावून बसाल. मी अ‍ॅम्प पाहिलेला नाही, त्यामुळे काही गोष्टी मोजल्यावरच ठरतील. त्या कुठल्या, हे पुढे येईलच.

किती खालचा सूर किती भरून येणार, हे मुख्यतः आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा गाभा, कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्याचा सिग्नल पुढच्या टप्प्याला देणारे), पॉवर सप्लायचा साठा आणि कॅबिनेट ठरवतात. बासची मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, पाच तारी बासची बी तार ३१ हर्ट्झची. कुठलीही धड पॉवर ट्यूब हे सूर सहज काढते. ट्यूबचा स्वभाव कळतो तो अ‍ॅम्प जोर लावायला लागला की. आवाज कसा दबतो, मधला भाग पुढे येतो की मागे राहतो, ठोका कडक लागतो की मऊ, हे तिथं ऐकू येतं. अ‍ॅम्पमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत आत देणं) भरपूर असेल तर हलक्या आवाजात दोन नंबरांतला फरक आणखी पुसट होतो. म्हणून फडफड करणाऱ्या अ‍ॅम्पवर ट्यूबची तुलना करायला बसू नका. आधी फडफड काढा.

ती तीन ठिकाणांहून येऊ शकते, आणि शोध सोप्याकडून सुरू करावा. कॅबिनेटला दुसरा एखादा चांगला अ‍ॅम्प लावून तेवढ्याच आवाजात वाजवा. तरीही फडफड राहिली तर दोष स्पीकरचा किंवा खोक्याचा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात प्लायवूडचे सांधे उघडतात, स्पीकरच्या कडेची गॅस्केट आक्रसते, जॅकप्लेटच्या फटीतून हवा फुसफुसते. बासचा सूर धरून ठेवा आणि कडेकडेनं हात फिरवा, हवा हाताला लागते.

कॅबिनेट निर्दोष निघालं तर फिल्टर कपॅसिटरकडे वळा. याची एक खूण बासवरच मिळते. मोकळी जी तार ९८ हर्ट्झची आहे. आपली लाइन ५० हर्ट्झची, ती रेक्टिफाय झाली की सप्लायवर १०० हर्ट्झची लहर राहते. फिल्टर थकले असतील तर ही लहर सुरात मिसळते. जी तार जोरात छेडून लांब धरली की सेकंदाला साधारण दोनदा आवाज डुलताना ऐकू येतो. तार दुसऱ्या पडद्यावर दाबून ए केला की ते डोलणं इतकं जलद होतं की नुसती खरखर वाटते. हे ऐकू आलं तर ट्यूबला हात लावू नका, आधी फिल्टर बदला. १०५ अंशांचे घ्या, ८५ अंशांचे नकोत. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश तापमानाला निम्म्यानं घटतं, आणि एप्रिल-मेमध्ये मंडपातच ४३-४४ अंश असतात, चेसिसच्या आत त्याहून बरंच जास्त. नवा कपॅसिटर आधीच्याच क्षमतेचा किंवा थोडा मोठा चालतो, व्होल्टेज मात्र आधीच्यापेक्षा कमी नको. दोन कपॅसिटर सिरीजमध्ये असतील तर त्यांच्यावरचे समान वाटणीचे रेझिस्टरही मोजून घ्या.

तिसरं ठिकाण म्हणजे पॉवर ट्यूबच्या ग्रिडचे, म्हणजे ट्यूबमधला करंट कमी-जास्त करणाऱ्या जाळीचे, कपलिंग कपॅसिटर. इथं थोडं गणित आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. ०.०२२ एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर आणि २२० केचा (किलोओहमचा) ग्रिड रेझिस्टर असेल तर साधारण ३३ हर्ट्झपासून खालचा आवाज गळायला लागतो. चार तारी बासला हे चालून जातं. कुणी 'बास वाढवायला' म्हणून तिथं ०.१ एमएफडी टाकलेला असेल तर ही सीमा ७ हर्ट्झपर्यंत खाली जाते, जिथं सूर नाहीच, फक्त स्पीकरचा कोन हलतो. त्याहून वाईट म्हणजे जोराच्या ठोक्याला ग्रिडमधून करंट वाहतो, मोठा कपॅसिटर भरतो आणि रिकामा व्हायला वेळ घेतो. ०.०२२ ला हा वेळ साधारण ५ मिलिसेकंद, ०.१ ला २२. तेवढा वेळ ट्यूब जवळपास बंद पडते आणि सूर तुटतो. तुम्ही जिला फडफड म्हणता ती बऱ्याचदा हीच. बाससाठी मी ०.०४७ एमएफडी, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन टाकतो. सीमा १५ हर्ट्झच्या आसपास येते आणि सावरायचा वेळ १० मिलिसेकंद राहतो. सोबत ग्रिड स्टॉपर (ग्रिडच्या तोंडाशी असलेला रेझिस्टर) १.५ केचा असेल तर ५.६ के करतो, जोराच्या ठोक्याला आणखी थोडं स्थैर्य येतं.

दुसरी तक्रार, कार्यक्रम रंगात आला की बास पातळ पडतो, ही ऐकताक्षणी मी मीटर लाइनवर लावायला सांगेन. गावठाण फीडरच्या शेवटच्या टोकाला, एकाच डीपीवर कुलर, मंडपाची लाइट आणि साउंड सगळं चढलं की २३० चे १८५ व्हायला वेळ लागत नाही. १८५ ला काय होतं पाहा. हीटरला (ट्यूबच्या आतली तापवणारी तार) ६.३ ऐवजी ५.१ व्होल्ट मिळतात. प्लेटचे (ट्यूबमधले इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या पत्र्याचे) ४६० व्होल्ट ३७० वर येतात. पॉवर व्होल्टेजच्या वर्गानं घटते, म्हणजे शंभर वॅटचा अ‍ॅम्प साधारण ६५ वॅटचा होतो. ट्यूबच्या हीटरला वर-खाली दहा टक्के चालतात, म्हणजे ५.६७ ते ६.९३ व्होल्ट. त्याखाली कॅथोड गार पडतो, पुरेसे इलेक्ट्रॉन सोडत नाही, आणि जोराच्या सुराला ट्यूब पुरी पडत नाही. सगळ्यात आधी खालचे सूर उघडे पडतात, कारण सगळ्यात जास्त करंट तेच मागतात. रात्री उशिरा भार उतरला की उलट होतं. २५५ व्होल्ट झाले की हीटर सात व्होल्टच्या घरात जातो, प्लेट ५०० च्या वर, आणि तिथं ट्यूब मरतात. यावर कुठल्याही कंपनीची महाग ट्यूब उपाय नाही.

स्टॅबिलायझर एक केव्हीएचा, सर्व्हो प्रकारचा घ्या. फ्रिजला लावतात तो रिले प्रकारचा नको. तो टप्प्याटप्प्यानं उडी मारतो आणि चालू गाण्यात आवाज हललेला कळतो. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर अ‍ॅम्प जोडण्याआधी मंडपाचा पूर्ण भार चालू असताना व्होल्टेज पाहा, आणि हॅलोजन चालू-बंद केल्यावर किती उडी बसते तेही पाहा. खांबावर न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजच्या सॉकेटवर ४०० पर्यंत व्होल्ट येऊ शकतात, म्हणून हाय-व्होल्टेज कट-ऑफ असलेलाच स्टॅबिलायझर घ्या. अर्थिंगचंही बघा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि अर्थचा रॉड नुसता मातीत उभा राहतो, जमिनीशी संपर्क उरत नाही. रॉडभोवती पाणी ओतून माती ओली करून घ्या, मग न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा. तीन-चार व्होल्टच्या वर दिसले तर मंडपवाल्याला सांगून दुरुस्त करून घ्या. हम येतो म्हणून अ‍ॅम्पची अर्थ पिन कधीही काढू नका. मिक्सरला लाइन देताना डीआय बॉक्सवरचं (बासचा सिग्नल मिक्सरला देणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण त्यासाठीच असतं.

आता ट्यूबच्या तुलनेकडे येऊ. ६एल६जीसीची प्लेट ३० वॅट सोसते आणि हीटर ०.९ अ‍ॅम्पिअर खातो. आवाज मोकळा, खालचा भाग घट्ट, मधला भाग किंचित मागे. बोटांनी वाजवणाऱ्याला सूर वेगवेगळे ऐकू येतात. ईएल३४ ची प्लेट २५ वॅटची, हीटर १.५ अ‍ॅम्पिअर. हिचा मधला भाग पुढे येतो आणि ती लवकर दबते. गिटारवर हे सुंदर लागतं. बासमध्ये खाली थोडी सैल वाटते, पण पिकनं वाजवणाऱ्याला आणि गर्दीच्या वाद्यमेळात ऐकू यायचं असेल त्याला आवडू शकते. ६५५० ची प्लेट ३५ वॅटची, पुढच्या आवृत्त्यांमध्ये ४२ ची, हीटर १.६ अ‍ॅम्पिअर. ठोका कडक, उशिरापर्यंत स्वच्छ राहणारी. केटी८८ तिची जवळची बहीण, मागणी तेवढीच, वरचा भाग जरा जास्त उघडा. केटी६६ गोलसर आवाजाची आहे, पण २५ वॅटची आणि १.२७ अ‍ॅम्पिअर खाणारी. तुमच्या कामाला तिच्यात ६एल६जीसीहून काही जास्त मिळणार नाही.

६५५० म्हणजेच बास, असं जे सगळीकडे ऐकू येतं ते अँपेगच्या एसव्हीटीमुळे. १९६९ चा तीनशे वॅटचा हेड, सहा पॉवर ट्यूब. सुरुवातीला त्यात ६१४६बी होत्या, नंतर ६५५० आल्या. पण त्या हेडमध्ये प्लेटला ७०० व्होल्टच्या आसपास मिळतात आणि ट्रान्सफॉर्मर त्याच हिशेबाने बांधलेले आहेत. तो दणका त्या लोखंडाचा आणि व्होल्टेजचा आहे, ६५५० त्यात टिकते म्हणून ती तिथं आहे. त्याच कंपनीचा १९६० चा बी-१५ फक्त दोन ६एल६ वर चालतो आणि त्याच्या बासच्या आवाजाला आजही मान आहे. फेंडरच्या बासमनचं १९५० च्या दशकाच्या अखेरचं ५एफ६-ए मॉडेलही याच घराण्यातल्या दोन ट्यूबवरचं. तेव्हा ६एल६ ठेवली म्हणून कमी दर्जाचं काही घेतलं असं मनात आणू नका.

तुमच्या अ‍ॅम्पमध्ये चार ६५५० टाकल्या तर काय होईल ते आकड्यांत पाहू. चार ६एल६जीसीचे हीटर ३.६ अ‍ॅम्पिअर, चार छोट्या ट्यूबचे १.२, एकूण ४.८. चार ६५५० केल्या की ६.४ अधिक १.२, म्हणजे ७.६. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या हीटर वाइंडिंगवर २.८ अ‍ॅम्पिअर जास्त. ज्याला पाच-साडेपाच अ‍ॅम्पिअरसाठी गुंडाळलंय तो ट्रान्सफॉर्मर तासाभरात हात लावू देणार नाही, आणि मेमध्ये जळेल. ईएल३४ केल्या तरी आकडा ७.२ चा होतो, फार सुटका नाही. मोजून बघायचं असेल तर हीटरचं व्होल्टेज आत्ता किती आहे आणि जास्त भाराखाली किती उतरतं ते पाहा. ६.३ चं ५.९ झालं तर तो ट्रान्सफॉर्मर त्या कामाचा नाही.

दुसरा धोका लोक विसरतात. ६५५० च्या डेटाशीटमध्ये फिक्स्ड बायसला (ग्रिडला वेगळं उणे व्होल्टेज देऊन लावलेल्या) ग्रिडचा रेझिस्टर जास्तीत जास्त ५० के सांगितलाय. तुमच्या अ‍ॅम्पमध्ये बहुधा २२० के आहे आणि एका बाजूच्या दोन ट्यूब त्याच्यावर लटकल्या आहेत. ट्यूब तापली की ग्रिडमधून बारीक करंट वाहतो, एवढ्या मोठ्या रेझिस्टरवर त्याचं व्होल्टेज तयार होतं, बायस उतरतो, ट्यूब आणखी तापते, आणि शेवटी प्लेट लाल होते. म्हणून ६५५० टाकायच्याच असतील तर तो रेझिस्टर १०० ते १५० केवर आणतात. तसं केलं आणि कपॅसिटर ०.०२२ चाच राहिला तर १०० केला गळतीची सीमा ७२ हर्ट्झवर येते. म्हणजे बाससाठी महाग ट्यूब टाकली आणि ई तारच अर्धी झाली. अशा वेळी ६५५० मध्ये दम नाही असा शिक्का बसतो, आणि बिचाऱ्या ट्यूबचा त्यात काहीच दोष नसतो. सोबत कपॅसिटर ०.१ चा केला की सीमा १६ हर्ट्झवर येते आणि सावरायचा वेळही १० मिलिसेकंदच राहतो. हे सगळं करून मिळणार काय? पॉवर प्लेटच्या व्होल्टेजवर आणि ट्रान्सफॉर्मरवर ठरते, त्यामुळे फार तर एखाद डेसिबल. त्यापेक्षा कार्यक्रमाला असंच आणखी एक आठ ओहमचं कॅबिनेट भाड्यानं घेतलं, दोन्ही पॅरललमध्ये जोडून सिलेक्टर चार ओहमवर ठेवला, तर खालच्या सुरांना सुमारे ३ डेसिबल सहज मिळतात.

ईएल३४ बद्दल एक सावधगिरी. तिची एक नंबरची पिन सप्रेसर ग्रिडची असते आणि ती आठ नंबरला, म्हणजे कॅथोडला जोडलेली लागते. ६एल६ साठी बनलेल्या बऱ्याच सॉकेटवर एक नंबरची पिन रिकामी समजून तिच्यावर ग्रिड स्टॉपर टाकलेला असतो. तिथं ईएल३४ सरळ खुपसली तर बायसचं व्होल्टेज सप्रेसरवर जातं. शिवाय ६एल६ ला लागणारा उणे ५० च्या घरातला बायस ईएल३४ ला फार जास्त होतो. उलट, ईएल३४ च्या उणे ३५-४० वर ६एल६ लावली तर ती लाल होते.

खर्च कमी आणि फरक ऐकू येण्याजोगा असा बदल पॉवरला नाही, पहिल्या प्रीअ‍ॅम्प ट्यूबला होतो. १२एएक्स७ चा गुणक (सिग्नल वाढवण्याची ताकद) १००, ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा ४४ च्या आसपास, १२एयू७ चा वीसच्याही खाली. पाचही एकाच सॉकेटमध्ये बसतात आणि हीटरचा करंट जवळपास तेवढाच. तुमचा बास अ‍ॅक्टिव्ह असेल, म्हणजे त्यात ९ व्होल्टची बॅटरी असेल, तर पहिली १२एएक्स७ व्हॉल्यूमच्या आधीच भरून जाते आणि सगळ्या सुरांवर एक साय धरल्यासारखी होते. तिथं ५७५१ किंवा १२एवाय७ लावा. १२एवाय७ नं पहिल्या टप्प्याचं गेन जवळपास निम्मं होतं, नॉब थोडा पुढं न्यावा लागतो आणि सूर सुटे होतात. बास पॅसिव्ह असेल तर १२एएक्स७ च राहू द्या. १२एटी७ पहिल्या जागी चालते, पण तिथले रेझिस्टर तिच्या हिशेबाचे नसतात. मला तिचा आवाज तिथं कोरडा वाटतो. फेज इन्व्हर्टरची १२एटी७ मात्र हलवू नका. पॉवर ट्यूबच्या ग्रिडला ढकलायला लागणारा करंट ती चांगला देते. तिच्या जागी १२एएक्स७ टाकली की गेन वाढतं, आवाज लवकर फाटतो, आणि तो जोर वाढल्यासारखा भास होतो. पुढे कधी अँपेगचा जुना हेड हाती आला तर १२डीडब्ल्यू७ आहे का ते वाचून घ्या. तिचा अर्धा भाग १२एएक्स७ चा आणि अर्धा १२एयू७ चा असतो, तिथं साधी १२एएक्स७ चालत नाही.

पहिली ट्यूब बदलताना मायक्रोफोनिक, म्हणजे धक्क्यानं स्वतःच आवाज काढणारी, नाही ना ते पाहा. अ‍ॅम्प चालू ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकानं काचेवर हलकी टिचकी मारा. टक् असं ऐकू आलं तर ठीक. टणत्कार घुमत राहिला तर ती ट्यूब कॅबिनेटवर ठेवलेल्या हेडला कामाची नाही, खालचा बास तिला हलवून शिटी काढेल.

आता बायस. हे काम ज्याला उघड्या चेसिसची सवय आहे त्यानंच करावं. आत ४५० व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. १० के, १० वॅटच्या रेझिस्टरनं ते रिकामे करायचे आणि मीटर १० व्होल्टच्या खाली दाखवेपर्यंत बोट घालायचं नाही. चालू अ‍ॅम्पवर मोजताना एक हात पाठीमागे. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

प्रत्येक पॉवर ट्यूबच्या कॅथोडला, म्हणजे आठ नंबरच्या पिनेला, जमिनीकडे जाताना एक ओहम, एक टक्क्याचा रेझिस्टर टाकून घ्या. त्याच्यावर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअ‍ॅम्पिअर. प्लेटला ४६० व्होल्ट असतील तर ३० वॅटच्या ६० टक्के म्हणजे १८ वॅट, भागिले ४६०, झाले ३९ मिलिअ‍ॅम्पिअर. गिटारवाले ७० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४६ पर्यंत जातात. बासला स्वच्छ ताकद लागते, त्यात आपला उन्हाळा, म्हणून ५५ ते ६० टक्के, ३६ ते ३९, यात ठेवा. फार खाली नेलं तर हलके सूर खडबडीत लागतात. ज्या व्होल्टेजवर वाजवणार त्यातल्या सगळ्यात वरच्या आकड्याला बायस लावा. स्टॅबिलायझर घेतला तर तो आकडा २३० च राहील, हा त्याचा दुसरा फायदा.

जुळवलेला सेट म्हणून घेतला तरी चारही ट्यूब मोजा. समजा ३४, ३८, ३५ आणि ३७ आले. ३४ आणि ३८ एका बाजूला, ३५ आणि ३७ दुसऱ्या बाजूला ठेवा. दोन्हीकडे ७२ होतात. तेच ३४-३५ एकीकडे आणि ३८-३७ दुसरीकडे बसवले तर ६९ आणि ७५. ही तफावत मोठी झाली की तेवढा डीसी आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात राहतो, गाभा लवकर भरतो आणि सगळ्यात खालचा बासच कमी होतो. कुठली दोन सॉकेट एका बाजूची, हे अंदाजानं ठरवू नका. अ‍ॅम्प बंद, कपॅसिटर रिकामे, मग तीन नंबरच्या पिना आपापसांत मोजा. ज्या दोहोंमध्ये शून्य ओहम ती एका बाजूची.

तुलना करायचीच असेल तर न्यायानं करा. लाइन तीच, बायस टक्क्यांत तोच, आवाजाची पातळी तीच. दुसऱ्याला वाजवायला लावा आणि स्वतः पंचवीस-तीस फूट लांब जाऊन ऐका, कारण ई तारेची एक लाट आठ मीटरहून लांब असते आणि अ‍ॅम्पजवळ उभं राहून खालचा बास कळत नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठरवू नका, फोनचा माइक हाच भाग कापतो. नव्या पॉवर ट्यूबला पाच-सहा तास वाजू द्या आणि बायस पुन्हा पाहा, थोडा सरकतोच.

जुन्या न वापरलेल्या अमेरिकन पॉवर ट्यूबसाठी बाहेर पैसे पाठवू नका. नक्कल ओळखणं अवघड, परत करणं त्याहून अवघड, आणि एक गेली की तिचा जोडीदार सापडत नाही. आज तयार होणाऱ्या ट्यूब मोजक्या ठिकाणांहून येतात: स्लोव्हाकियात जेजे, रशियात सारातोव्हचा कारखाना, आणि चीन. सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, टंग-सोल, मलार्ड अशी वेगवेगळी नावं असलेल्या आजच्या बऱ्याच ट्यूब सारातोव्हलाच बनतात, त्यामुळे नुसत्या नावावर जास्त पैसे मोजताना विचार करा. छोट्या ट्यूबचं वेगळं आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या ईसीसी८३, म्हणजेच १२एएक्स७, अजूनही एखाद्या जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या डब्यात निघतात. तपासून मिळाली तर आनंदानं घ्या. नवीन सेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवताना चारचा जुळवलेला सेट आणि प्रत्येक खोक्यावर लिहिलेला करंट मागा. जमलं तर एक जादा जोडी ठेवा.

राहिलं ऊन, धूळ आणि रस्ता. ट्यूबची काच वाजवताना दीडशे-दोनशे अंशांपर्यंत जाते, तिला बाहेरच्या ४५ चं फार वाटत नाही. त्रास होतो तो कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मरला. हेडच्या मागे मंडपाचा पडदा चिकटू देऊ नका, हातभर जागा सोडा आणि एक छोटा पंखा मागून लावा. कुलरसमोर मात्र ठेवू नका, ओली हवा आणि तुषार गरम काचेला आणि सॉकेटला वाईट. जिनिंगजवळ किंवा सोयाबीनची मळणी चालू असताना वाजवलं असेल तर कापसाचे तंतू आणि भुसा पंख्याच्या जाळीत आणि सॉकेटभोवती बसतात. ब्रशनं झाडा, सॉकेटला कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि सैल झालेल्या पिना बारीक टोच्यानं आवळा. सैल पिनेवर ठिणगी पडते आणि सॉकेट जळतो. कार्यक्रम संपल्यावर गरम अ‍ॅम्प लगेच टेम्पोत चढवू नका. वीस मिनिटं गार होऊ द्या. लांबचा खराब रस्ता असेल तर पॉवर ट्यूब काढून, कापडात गुंडाळून, सॉकेटचा नंबर लिहून वेगळ्या डब्यात न्या. परत लावताना त्याच जागी लावा, नाही तर बाजूंची जुळणी बिघडते.

तुम्ही या क्रमानं करा: कॅबिनेटची तपासणी, जी तारेची खूण, लाइनचं व्होल्टेज संध्याकाळी आणि रात्री, मग कपलिंग कपॅसिटर आणि बायस. एवढं झाल्यावर प्लेटचं व्होल्टेज, चार ट्यूबचे चार आकडे, हीटरचं व्होल्टेज आणि बास अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह हे कळवा. ट्रान्सफॉर्मरवर काही नंबर छापला असेल तर तोही लिहा. त्यावरून ६५५० चा विचार तुमच्या अ‍ॅम्पमध्ये करावा की नाही हे नक्की सांगता येईल.